पाच व्होल्टपर्यंत

बॅटरीसाठी तीन महिने खपून बनवलेला द्रवरूप क्षार मॅडम फेकायला निघाल्या, तेव्हा प्रयोगशाळेतल्या मावशी आडव्याच आल्या.

"पाच व्होल्टपर्यंत टिकायला हवा, हा चार व्होल्टलाच नासतोय हो, मावशी!"

"मीठच ना ते? पातळ असलं म्हणून काय झालं, हवेतलं पाणी पितंच. नासतं ते पाणी, आणि बदनाम होतं हे बिचारं. तुम्ही एकच दिवस वाळवलंत. मला तीन दिवस द्या."

"आणि नाही टिकलं तर?"

"तर मीच फेकते."

चौथ्या दिवशी दोघी श्वास रोखून संगणकाच्या पडद्यासमोर बसल्या. चार व्होल्ट गेले, साडेचार गेले, पाच झाले, द्रव नासला की उसळणारी रेघ सपाटच! मॅडमनी मावशींना गच्च मिठी मारली.

"अगं बाई, हातमोजे तरी काढा!" मावशी खिदळत ओरडल्या.