ताशी तीस गाठी

कौतिक आबांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे तापी, आणि तीही उन्हाळ्यात गुडघ्याएवढी. पण चव्वेचाळीस साली अख्ख्या दोंडाईच्यात लढाऊ बोटींवर बोलायचा अधिकार कुणाला, तर आबांना. आता तो त्यांना दिला कुणी असं विचाराल, तर कुणीच नाही! त्यांनी आपला आपणच घेतला होता.

आबा कापसाच्या प्रेसवर मुकादम. पिंजलेली रुई पेटीत भरायची, वरून दाबायची, आणि पुरती दाबली गेली की आबा छातीतून ओरडायचे, "बांऽध!" लगेच गडी लोखंडी पट्ट्या आवळायचे. झाली गाठ तयार, पावणेपाच मणांची, अंगावर पडली तर माणसाचा पापड. अशा वीस गाठी तासाला निघायच्या, आणि त्याचा आबांना कोण तोरा!

जेवणाच्या सुट्टीत प्रेसचे कारकून शालिग्राम इंग्रजी पेपर मराठीत सांगायचे. एकदा जर्मनांच्या एका बोटीचं वर्णन आलं. दीड वीत जाड पोलादाची कातडी, आठ अजस्र तोफा, आणि म्हणे "ताशी तीस गाठी."

आबांचा घास हातातच राहिला. "तासले तीस? आपलापेक्षा दहा जास्ती?"

"असं छापलंय खरं," शालिग्राम म्हणाले. त्या गाठी कसल्या, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं! पण कारकून माणूस, 'माहीत नाही' कसं म्हणणार?

मग आबांनी आपल्या डोक्याने अर्थ लावला. जर्मनांची बोट तासाला तीस गाठींच्या वजनाचे तोफगोळे फेकते. झालं! त्या दिवसापासून प्रेसच्या भिंतीवर कोळशाने बोटी उमटायला लागल्या. जर्मन तीस, जपानी सत्तावीस, इंग्रजांची एक जुनी चोवीस. कापूस घेऊन येणारे गाडीवान बैल सोडून आधी भिंत बघायला यायचे. "चोवीसवाली तीसवालीपुढे काय टिकस?" म्हणून भांडायचे. आणि आबा न्यायाधीशासारखे मिशीवर बोट फिरवत उभे.

इथवर सगळी गंमत होती. पण लेकीच्या, कमलच्या लग्नाचं निघालं आणि गंमत आबांच्या दारात येऊन बसली.

भागाबाईंच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, माहेरकडून स्थळ आलं. शिरपूरकडचा हिलाल, आरमारात दोन वर्षं झालेली, रजेवर आलेला. कमलने त्याला मावशीकडे पाहिलेलं होतं, आणि त्यानंतर ती दोन वेळा भाजीत मीठ घालायला विसरली होती. आईला तेवढं पुरेसं होतं. आबांना नव्हतं.

"चोवीसना खाले मी आंडेर देवाव नही," त्यांनी सांगून टाकलं. लेकीचं लग्न आणि म्हणे चोवीसच्या खाली नाही! गल्ली पोट धरून हसली. पण आबा हसत नव्हते. ज्याचा मारा मोठा, तो माघारी येतो, असा त्यांचा साधा हिशोब. एकुलत्या लेकीचं कुंकू त्यांना कमी गाठींच्या भरवशावर टाकायचं नव्हतं.

हिलाल आला, ओसरीवर बसला. गूळपाणी यायच्या आतच आबांनी विचारलं, "तुनी बोट कितली गाठीनी शे?"

"पंधरा, आबा."

"पंधरा! अरे, आपला प्रेस वीस काढस!"

हिलाल आधी गोंधळला, मग त्याच्या ध्यानात आलं. तो हसला नाही, हे त्याचं भाग्य. "आबा, ह्या गाठी रुईन्या नहीत. दोरन्या शेत. बोट कितली धावस, ते त्यावर मोजतस."

आबांचा चेहरा उतरला. भिंतभर काढलेल्या बोटी नुसत्या धावत होत्या तर! "मंग मनी प्रेसनी भिंतवर ती इंग्रजनी चोवीसवाली शे, तिना मारा?" त्यांनी हळूच विचारलं.

"मारा?" हिलालने ओसरीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, जणू तिथून काही येणार होतं. "तुमनी भिंतवरनी चोवीसवाली मी दखेल शे, आबा. तिना एक गोळा म्हनजे तुमन्या पाच गाठी."

"एक गोळा?"

"एक. आठ तोफा एकदम सुटन्यात की चाळीस गाठी. अन मिनिटमा दोन डाव."

आबांचे ओठ हलले. ऐंशी गाठी. सकाळच्या भोंग्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खा प्रेस घाम गाळतो, तेवढं एका मिनिटात!

"सोनगीरना किल्लावर तोफ ठेवी," हिलाल म्हणाला, "तर गोळा धुळाना डोकावरतून जाईसन लळिंगना किल्लावर पडी."

मग त्याने सांगितलं. ती मोठी बोट तोफा डागत होती तेव्हा त्याची बोट तिच्यापासून कोसभर दूर होती. आधी नुसता उजेड झाला. आवाज मागून आला, तोही कानात नाही, पोटात. आणि तोफांखालचा समुद्र चपटा होऊन पिंजलेल्या रुईसारखा पांढराफेक पडला. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. देवळात ठेवतात तसं.

तेवढ्यात दाराआडून कमलचा आवाज आला. "मंग तुमनी बोट काय करस?" बाप समोर बसलेला असताना!

हिलाल पहिल्यांदा हसला. "आमनी धाकली शे. एक तोफ, पंधरा शेरना गोळा, काखमा मारीसन नेतस. पन समुद्रमा सुरुंग पेरेल ऱ्हातस, ताकना डेरासारखा, पानीखाले साखळीवर. मोठी बोट त्यावर गयी तर तिनंबी पोट फाटस. म्हनीसन आम्ही दोर ओढत आगे जातस, सुरुंगन्या साखळ्या कापतस. वाट मोकळी व्हयनी की मंग ती निंघस. तवलोंग बंदरमा उभी."

"ऐंशी गाठीनी बोट," आबा एकेक शब्द जोडत म्हणाले, "तुमना मांगे उभी?"

"हा."

"अन तुमना आगे कोन ऱ्हास?"

"आमना आगे कोनी नही, आबा. पानी."

आबांचा सगळा हिशोब मोडून पडला. मोठा मारा सुखरूप, हे खरंच होतं. पण सुखरूप कशामुळे, तर असल्या पंधरावाल्या पोरामुळे. आणि याला सुखरूप ठेवायला कोण? त्याचा आकडा भिंतीवर कुठेच नव्हता.

कमल बाहेर आली. कुणी बोलावलं नव्हतं. तिने गूळपाण्याचा तांब्या हिलालसमोर ठेवला आणि बापाकडे पाहत तिथेच उभी राहिली. पुढे कोणी नाही, हे तिनेही ऐकलं होतं.

भागाबाई म्हणाल्या, "मले पंधरा समजत नही न तीस समजत नही. मले एकच गाठ माहीत शे. ती बांधनी का नही, तेवढं सांगी टाका."

आबांनी लेकीकडे पाहिलं, मग हिलालकडे. दोघांपैकी एकानेही नजर खाली घातली नाही. आबांनी छाती भरून श्वास घेतला.

"बांऽध!"

गल्लीच्या टोकाची बकरी दचकून पळाली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी शालिग्रामांना भिंतीवर सगळ्या अजस्र बोटींच्या पुढे एक बोटभर काहीतरी काढलेलं दिसलं. "आबा, ही कोंबडी कुठून आली?"

"कोंबडी नही, भाऊ," आबा म्हणाले. त्यांनी हाताचा कोळसा धोतराला पुसला. "मना जवाई शे."