हळदीत न पेटलेला फ्लॅश

बायकोला नांदेडच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि निलंग्याच्या स्टुडिओत मी एकटा उरलो. त्याआधी सहा वर्षं लग्नात फोटो मी काढायचो, फ्लॅश ती धरायची. कॅमेरा आणि फ्लॅशच्या मध्ये वेटोळ्याची वायर. वायर फार ताणली जात नसे, म्हणून आम्ही जवळजवळच फिरायचो.

ती गेल्यावर पहिलंच काम शिरूर अनंतपाळला, हळदीचं. फ्लॅश स्टँडवर लावला. नवरीच्या गालाला हळद लागली, मी बटण दाबलं, फ्लॅश पेटलाच नाही. सेल बदलले. फ्लॅशचं स्वतःचं बटण दाबून पाहिलं, लख्ख पेटला. वायर काढून तो थेट कॅमेऱ्यावर बसवला, तरी पेटला. म्हणजे खोट वायरीतच. टोकाच्या पिना खोडरबरने घासल्या, फुंकर मारली, घट्ट बसवल्या. एकदा पेटला, दोनदा नाही. बायका हळदीचे हात घेऊन थांबलेल्या.

"लई वेळ लावून राहिलाव, भाऊ," नवरीची मावशी म्हणाली.

सगळं घेऊन मांडवाबाहेर आलो, बायकोला फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"फ्लॅशकडचं टोक अंगठ्यानं दाबा," ती ऐकताक्षणी म्हणाली. "वायर आत शिरते तिथं. जरा वर वाकवून."

पेटला.

"तुला कसं माहीत?"

"वर्षभर तशीच धरत होते की."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुम्ही नवी आणली असती. चांगल्या वायरीला माणूस कशाला लागतंय? स्टँड पुरतो."

तिचा अंगठा दुखायचा. मला वाटायचं, भाकरी थापून दुखतोय.

"जेवलाव का?" तिनं विचारलं. मी न्हाई म्हणेपर्यंत तिकडे कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

वायर वाकवून चिकटपट्टीनं बांधली आणि हळद पार पाडली. नंतर लातूरहून नवी वायर आणली. ती एकदाही चुकत नाही. पण कोपऱ्यातल्या एखाद्या म्हातारीच्या तोंडावर अंधार आला की बायको न सांगता फ्लॅश घेऊन दोन पावलं सरकायची. आता ते मलाच बघावं लागतं, आणि तेवढ्यात म्हातारीचं हसू निघून गेलेलं असतं.

येत्या रविवारी तिची ड्युटी आहे, त्यापुढच्या रविवारी जळकोटला मला लग्नाचं काम. फोनवर दोघांनी मिळून भेटायला एक बुधवार शोधून ठेवलाय.