स्फोट, अंक दुसरा

आपलं अक्षर टीव्हीवर झळकावं असं कुणाला वाटत नाही? माझं झळकलं. लाल वर्तुळात, मागे ढणढण संगीत लावून.

शहरात बॉम्बस्फोट झाला त्याच आठवड्यातली गोष्ट. आमच्या हौशी नाट्यसंस्थेची प्रकाशयोजना एक तरुण सांभाळायचा. यवतमाळचा, मुसलमान, दिवसा आयटी कंपनीत, संध्याकाळी सदाशिव पेठेत आमच्या तालमीला. नाटक साखर कारखान्यावरचं होतं आणि दुसऱ्या अंकात बॉयलर फुटायचा. त्यासाठी त्याने एक लाकडी पेटी बनवली होती. बटण दाबलं की लाल लखलखाट आणि कानठळ्या बसवणारा आवाज! विंगेतल्या अंधारात घोटाळा नको म्हणून प्रत्येक पेटीवर प्रसंग लिहायची आमची पद्धत. अक्षर देखणं, म्हणून ते काम माझ्याकडे. 'पाऊस, अंक पहिला.' 'स्फोट, अंक दुसरा.'

ती पेटी बिघडली, म्हणून तो दुरुस्तीला स्वारगेटजवळच्या आपल्या खोलीवर घेऊन गेला. आणि जेवताना मी टीव्ही लावला, तर पडद्यावर तीच! वायरी लोंबतायत, वर ठळक 'स्फोट'. 'अंक दुसरा' मात्र कॅमेऱ्याने बाहेर ठेवलेला. निवेदक किंचाळत होता, "पाहा, अतिरेक्याच्या खोलीत काय सापडलं!"

"अहो, हे तुमचं अक्षर," बायको म्हणाली. "इतकी वर्षं म्हणत होतात ना, कुणी कदर करत नाही म्हणून."

घास हातातच राहिला. नाटकाची संहिता काखोटीला मारली आणि तडक पोलीस ठाणं गाठलं. तिथल्या साहेबांसमोर दुसरा अंक साभिनय वाचून दाखवला. बॉयलरही तोंडानेच फोडला. दारातला शिपाई दचकला, साहेब मात्र खूश.

"म्हणजे पेटीवर तुम्ही लिहिलंत?"

"मीच. पेटी संस्थेची, अक्षर माझं."

आता आपल्यालाही आत टाकणार, या तयारीने मी छाती पुढे काढली. साहेबांनी आडनाव विचारलं, पेठ विचारली आणि मागे वळून हाक मारली, "अरे, यांना चहा आणा."

आयुष्यात इतका हादरलो नव्हतो. पेटी बनवणारा पलीकडच्या कोठडीत. त्याला वकिलालाही भेटू देत नव्हते. आणि तिच्यावर 'स्फोट' लिहिणारा खुर्चीत बसून आल्याचा चहा पितोय!

काही दिवसांनी त्याला सोडलं. आरोप काहीच नव्हता. मी वाहिनीला फोन केला. "सर, पण सुटकेत बातमी काय आहे?" तिथली मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली. त्याच्या कंपनीने त्याला वातावरण निवळेपर्यंत घरी बसायला सांगितलं. ते कधी निवळलंच नाही.

प्रयोगाला तो येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आला, नवी पेटी घेऊन. मी सवयीने मार्कर काढला, तर त्याने पेटीवर हात ठेवला.

"राहू द्या, दादा. कोरीच बरी."

पहिला अंक त्याने सुरेख उजळला. दुसऱ्यात बॉयलरचा प्रसंग जवळ आला, तशी त्याने पेटी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

"बटण तुम्ही दाबा," तो कुजबुजला. "तुम्हाला निदान चहा देतात."

रंगमंचावर कामगार झालेला नट स्फोटाची वाट पाहत तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणत होता. मी बटण दाबलं.