दोन बोटी, एक कुलूप

समुद्रात सायकलचोर नसतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

मी मूळचा टेंभुर्णीचा, आता भोकरदनला घर बांधून राहतो. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो. कुलूप लावल्याशिवाय मला झोप लागत नाही. घराला कुलूप, गेटला कुलूप, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या झाकणालाही कुलूप! (हसू नका. आमच्याकडं उन्हाळ्यात सोनं एक वेळ उघड्यावर ठेवता येतं, पाणी नाही.) रेल्वेनं कुठं निघालो तर बॅग बर्थखाली साखळीनं बांधायची, कुलूप लावायचं, चावी बनियनच्या आत, अन् मगच डोळे मिटायचे. ही आमची रीत. तिच्यापायी परदेशात माझी जी शोभा झाली ती अशी.

आमची लेक प्रज्ञा जर्मनीत नोकरीला. एक दिवस तिचा फोन आला.

"बाबा, तुम्हाला अन् आईला क्रोएशियाला न्यायचंय. बोटीवर राहायचं, रोज एका बेटावर उतरायचं, सायकलवर बेट फिरायचं, संध्याकाळी परत बोटीत. संगं गाईड असतो."

"सायकलवर?" मी म्हणालो. "अगं, माणूस जल्मभर राबतो ते सायकल सुटावी म्हणून! अन् तुझ्या आईला कुठं येती सायकल?"

मागून आवाज आला, "शिकीन की मंग!"

ही आमची सुमन. साठी जवळ आलेली बाई, पण दुसऱ्या दिवशी ओढणी कमरेला बांधून शाळेच्या ग्राउंडवर हजर. मी मागून सीट धरून पळायचो, ती पुढून ओरडायची, "सोडू नका! सोडू नका!" अन् मी सोडलं नाही तरी ती पडायचीच. गल्लीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांना त्यात गोडी लागली, अन् दोघी-तिघी सकाळी चहाचा थर्मास घेऊन बघायला येऊन बसू लागल्या.

"जाऊ दे ना सुमन," एकदा तिचं ढोपर पुसता पुसता मी म्हणालो, "आपण बोटीत बसून समुद्र बघू."

"लहानपणी भावाला सायकल मिळाली, अन् मला शेळ्या मिळाल्या," ती म्हणाली. "आता न्हाई सोडत मी."

ती हे हसत हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही. मी ढोपराला हळद लावली अन् पुन्हा सीट धरली. महिन्याभरात ती ग्राउंडला गोल चक्कर मारू लागली. वळण फक्त डावीकडं जमायचं. पण जमायचं!

बेट म्हणजे पाण्यात ठेवलेली भाकरी, सपाट, अशी माझी समजूत होती. निघालं ते उपडं घातलेलं पातेलं! पहिल्याच बेटावरचा चढ बघून मला हायस्कुलातले सगळे नापास विद्यार्थी आठवले. त्यांचेच तळतळाट असणार. आमचा गाईड इवान हा भला पोरगा. त्यानं सुमनला हात जोडून सांगितलं (हात जोडायला त्याला प्रज्ञानं शिकवलं होतं), "आई, हे चढ तुमच्यासाठी नाहीत. तुम्ही बोटीवर थांबा. शेवटचं बेट सपाट आहे. समुद्राच्या कडेकडेनं रस्ता, गाड्या नाहीत. तो रस्ता तुमचा!"

झालं. आम्ही रोज सायकली घेऊन उतरायचो, अन् सुमन बोटीच्या कठड्याला टेकून हात हलवायची. तिच्या वाट्याला आलेली निळी सायकल ती रोज ओढणीनं पुसायची. बोटीवरच्या आचाऱ्याला तिनं एका दुपारी ठेचा खायला घातला. तो बिचारा थेट समुद्रात उडी मारून आला. पण तिचं सगळं ध्यान शेवटच्या बेटात.

"अहो, तिथं तुम्ही मागून सीट धरणार ना?" ती रोज विचारायची.

"बिलकुल धरणार," मी म्हणायचो.

शेवटच्या बेटाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एका छोट्या बंदरात थांबलो. जागा कमी, बोटी जास्त. म्हणून जर्मन म्हाताऱ्यांची, आमच्यासारखीच सायकलवाली, एक बोट आमच्या बोटीला अगदी खेटून उभी राहिली. किनाऱ्याला आम्ही, आमच्या पलीकडं ते. इवाननं समजावलं, "त्यांना उतरायचं असलं की ते आपल्या बोटीवरून चालत जातील. इथं अशीच पद्धत आहे."

"आपल्या बोटीवरून?" मी विचारलं. "म्हणजे सायकलींच्या जवळून?"

"हो."

"अन् सायकलींना कुलूप?"

"कशाला?" इवान म्हणाला.

आता बघा! दोन पिढ्यांची ओळख असलेल्या शेजाऱ्याला आपण अंगणातून जाऊ देत नाही, अन् हे परके लोक सुमनच्या सायकलीजवळून रात्रभर येजा करणार! जेवणं झाली, सगळे वरच्या मजल्यावर गाणी ऐकत बसले, तसा मी खाली आलो. बॅगेतून जालन्याच्या बाजारातली ती जुनी रेल्वेची साखळी काढली, निळ्या सायकलीच्या चाकातून घातली, अन् बाजूला जो लोखंडी दांडा जाड अन् मजबूत दिसला त्याला गुंडाळून कुलूप ठोकलं.

"काय करून राह्यलात तिथं?" जिन्यातून सुमनचा आवाज.

"तुझी सायकल बांधून राह्यलो."

"बराबर बांधा!"

बराबर बांधली. कुलूप दोनदा ओढून बघितलं. दांडा कुठल्या बोटीचा आहे, एवढंच बघितलं नाही.

सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो होतो. जर्मन बोटीनं भोंगा वाजवला. ती बाहेरच्या बाजूची, म्हणून ती आधी निघणार. दोर सोडले, इंजिन घुरघुरलं, अन् बोट तिरकी होऊन बाजूला सरकू लागली. सगळे एकमेकांना हात हलवत होते. मीही हलवला. तेवढ्यात निळी सायकल जागची हलली. आधी थोडी वळली, मग खुरडत खुरडत कठड्याकडं निघाली, कुणी न बसता!

"अहो, माझी सायकल चालली!" सुमन ओरडली.

मी ब्रेडचा तुकडा टाकून धावलो अन् जे तोंडात आलं ते ओरडलो: "चोर! चोर! धरा!"

(समोरच्या बोटीवर पस्तीस-चाळीस जर्मन आजी-आजोबा हातात उकडलेली अंडी घेऊन उभे. त्यातला नेमका चोर कोणता, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.)

मी सायकलीची सीट धरली. सायकल कठड्यावर चढली, तिच्यामागं मी चढलो, इवाननं माझी कंबर धरली, प्रज्ञानं इवानचा शर्ट धरला. खाली हिरवं पाणी.

"बाबा, सोडा!" प्रज्ञा किंचाळली.

"सोडू नका!" सुमन किंचाळली.

मी कुणाचं ऐकायचं? तेवढ्यात समोरच्या कप्तानानं इंजिन बंद केलं. तो खाली वाकला, आपल्या कठड्याला अडकलेली साखळी हातात घेतली, साखळीपासून सायकलपर्यंत बघितलं, सायकलपासून माझ्यापर्यंत बघितलं. अख्ख्या नोकरीत मी ढ पोरांकडं जसं बघितलं असेल, तसं तो बघत होता.

"की! की!" तो ओरडला.

चावी बनियनच्या आतच होती. मी एका हातानं सायकल धरून दुसऱ्यानं ती काढली. "आणून देतो" म्हणायला मधे पाणी. तेव्हा फेकायची ठरली. अन् फेकण्यात माझा हात कुणी धरला नव्हता! शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्याच्या बरोबर कपाळावर खडू बसायचा. मी एक डोळा मिटला, नेम धरला अन् चावी फेकली.

डुबुक.

जर्मन आजी-आजोबांनी एका सुरात "ओSSS" केलं. मला वाटतं, हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच असावा.

साखळी तोडायला दोन्ही बोटींवर काही मिळेना. पान्हे होते, पकड होती, पण जालन्याची साखळी त्यांना दाद देईना. (मला आतून थोडा अभिमान वाटला. तो मी तोंडावर दिसू दिला नाही.) शेवटी त्यांचा कप्तान म्हणाला, "वारा वाढतोय, मला थांबता येणार नाही. आम्हीही त्याच बेटावर चाललोय. सायकल घेऊन जातो. तिथं बंदरात साखळी तोडून घेऊ."

त्यांनी सायकल ओढून आपल्या बोटीवर घेतली. माझा हात रिकामा झाला. मी सुमनकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मंग मी बी जाते," ती म्हणाली.

"अगं, कुठं जाते? तुला त्यांची भाषा येत न्हाई!"

"सायकलीची येते."

अन् पावसाळ्यात नाल्यावरची फळी ओलांडताना माझा हात धरणारी ही बाई, ओढणी कमरेला बांधून, जर्मन कप्तानाचा हात धरून एका बोटीतून दुसऱ्या बोटीत गेली! आजीबायांनी टाळ्या वाजवल्या. बोट निघून गेली.

आम्हाला मात्र लगेच निघता येईना, कारण आमच्या बोटीत गोडं पाणी भरायचं राहिलं होतं. बंदरावर एकच नळ अन् आमच्या आधी तीन बोटी. एवढ्या समुद्रात पाण्यासाठी नंबर लावावा लागतो हे बघून मला जरा घरच्यासारखं वाटलं. पण जीव खाली-वर होत होता. ग्राउंडवर गोल फिरलेली बाई! रस्ता माहीत नाही, उतार माहीत नाही, उजवं वळण येत नाही. अन् सीट धरायला मी नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बंदराच्या फरशीवर माझी साखळी दोन तुकडे होऊन पडली होती. सुमन नव्हती. जर्मन नव्हते. सायकलही नव्हती.

"आजीबाई?" तिथल्या माणसानं प्रज्ञाला सांगितलं. "त्या गेल्या. सगळ्यांच्या पुढं."

मी माझी सायकल काढली अन् सुटलो. इवान मागून काहीतरी ओरडत होता. रस्ता खरोखरच सपाट, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लव्हेंडरची झुडपं. मी जिवाच्या आकांतानं पायडल मारत होतो अन् प्रत्येक वळणावर कुठं निळी सायकल पडलेली दिसते का ते बघत होतो. मग समोरून घंटी ऐकू आली. एक घंटी, तिच्यामागं दहा-पंधरा घंट्या.

सुमन! ताठ बसलेली, वाऱ्यानं ओढणी फुगलेली, चेहरा असा उजळलेला की आमच्या लग्नाच्या फोटोतही तो तसा नाही. मागं जर्मन आजीबायांची रांगच्या रांग. आनंदानं मी दोन्ही हात वर केले.

"सुमन! मी आलो! थांब, सीट धरतो!"

"अहो, बाजू! बाजू!" ती ओरडली.

त्या देशात उजव्या बाजूनं चालवायचं असतं. इवान रोज सकाळी सांगायचा अन् मी रोज मान हलवायचो. आज मी भोकरदनच्या सवयीनं डाव्या बाजूनं, हात सोडून, तिच्या अंगावर चाललो होतो. ती जराशीही डगमगली नाही. तिनं हॅण्डल उजवीकडं वळवलं, हो, उजवीकडं, अन् मला सफाईनं चुकवून पुढं गेली. मी सायकलीसकट लव्हेंडरच्या झुडपात गेलो.

रांग थांबली नाही, नुसती सावकाश झाली. एका जर्मन बाईनं झुडपातून वर आलेल्या माझ्या पायांकडं बोट दाखवून सुमनला विचारलं, "युवर हजबंड?"

सुमननं एकदा मागं वळून बघितलं.

"नो, नो," ती म्हणाली. "सेम व्हिलेज!"

अन् घंटी वाजवत निघून गेली. मी झुडपात तसाच पडून राहिलो, अन् सकाळपासूनचा माझा सगळा पराक्रम आठवून मनाशी म्हणालो, मास्तर, बाई दिलदार आहे. तिनं गाव तरी कबूल केलं!