सव्वा मूठ गहू

माझा राग नाकावर असतो. मुलांना फॉस्टर केअरमध्ये द्यायचं काम करणाऱ्या बाईला हा स्वभाव परवडत नाही, असं आमचे साहेब मला येता-जाता ऐकवतात. त्या श्रावणातल्या शनिवारी मी तो कसा गिळला, ते माझं मलाच ठाऊक.

खानदेशात नरडाण्याजवळच्या एका गावात मी दहा वर्षांची एक मुलगी ठेवली होती. फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. पोर एखाद्या घरात राहते, खाते-पिते, शाळेत जाते, पण कागदोपत्री ते घर तिचं नसतं. या पोरीला आधी दोन घरांनी परत पाठवलं होतं. दुधाने तोंड पोळलेली ती. ताकही फुंकून पिणारच. हे तिसरं घर मोडलं असतं, तर तिची रवानगी पुन्हा संस्थेत होणार होती, आणि त्यानंतर ती कुठल्या घरावर विश्वास ठेवेल असं मला वाटत नव्हतं.

मी पोहोचले तेव्हा घरात कानबाईची तयारी चालली होती. दुसऱ्या दिवशी देवी बसणार, म्हणून रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायचे होते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदकीने, म्हणजे एका कुळातल्यांनी, खायचे, बाहेरच्याला घासही द्यायचा नाही. ते गहू पोरीनेच सकाळपासून बसून निवडले होते. सूप रिकामं झालं तशी तिथल्या सुनांची एक चुलतसासू सहज बोलून गेली, "हाई पोरले रोट चालस नही बरं."

पोर उठली, आत गेली आणि कपड्यांची पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, मला घेऊन जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता सगळ्यांना कायदा ऐकवायचा म्हणून मी तोंड उघडलं, तर अक्काने हाताने मला गप्प केलं. अक्का म्हणजे पोरीला सांभाळणारी बाई, त्या घरची धाकटी सून. मोजायला बसले होते तिचे थोरले दीर, नाना.

"पोर गुणी शे," नाना मान खाली घालून म्हणाले, "पन रोट भाऊबंदकीनाच."

अक्काने डोक्यावरचा पदर सारखा केला. "नाना, मी तरी कोठनी? मीबी परकाच घरनी. लगीन लागनं आनि पुढला सालले मन्हा ताटमा रोट उना. मंग हाई पोरले काब्र नही? तिले रोट नही, ते मन्हा ताटमाबी रोट नको."

थोरल्या जावेने हातातलं सूप खाली ठेवलं. "मन्हाबी ताटमा नको." तिच्यामागे दुसरी, मग सगळ्यात शेवटी चुलतसासूसुद्धा. त्या घरात एकूण एक बाई परक्या घरचीच होती, हे नानांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. सुनाच रुसल्या तर उद्या रोट थापणार कोण, हाही प्रश्न होताच. ते गव्हांकडे बघून एकदम हसले.

"ये वं माय. तुन्ही मूठ तूच टाक."

पोर जागची हलेना. अक्काने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. तेव्हा ती पुढे झाली, मूठ भरून गहू टाकले आणि नानांकडे बघत म्हणाली, "आणि वरची पाव मूठ?" सगळं घर हसलं. मला मात्र रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

सोमवारी कानबाईची मिरवणूक बघायला मी मुद्दाम गेले. पोर नवा परकर नेसून बायकांच्या घोळक्यात नाचत होती. विसर्जन करून सगळे घरी आले, पानं मांडली. मला भूक लागली होती. मी गमतीने तिच्या ताटातल्या रोटाकडे हात नेला. तिने ताट झटकन मागे ओढलं आणि मला ठणकावून सांगितलं,

"ताई, तुमले चालस नही. हाऊ आमना घरनासलेच."