रहिवाशाची सही

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी सोलापुरात एका दैनिकाचा वार्ताहर होतो. सरकारी कचेऱ्यांच्या रोजच्या फेरीत एका टेबलापुढे एक बाई दिसली. जेऊरकडच्या एका खेड्यातली. तिची सगळी दलित वस्ती ऊसतोडीसाठी श्रीपूरला गेली होती. पाय दुखावला म्हणून ही एकटी मागे राहिली. वस्तीचा आड आटला, तेव्हा तिने गावच्या विहिरीचं पाणी काढलं. त्या दिवसापासून गावाने तिला वाळीत टाकलं होतं.

लेखनिक सांगत होता, "तक्रार त्या गावच्या रहिवाशालाच करता येते. पंचायतीचा दाखला आणा."

"देत न्हाईत की."

"मग गावातल्या एकाची सही आणा. ही बाई इथं राहते, एवढंच लिहून."

"माज्याशी बोलत न्हाईत, सही कुटली देत्यात?"

"बोलायला कुठं सांगितलंय, बाई? सही आणा."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत गेलो. दुकानदाराने मला रामराम केला. "एकटंच आलासा?"

ती माझ्या शेजारी उभी होती. मी तसं म्हणालो. त्याने त्या जागेकडे पाहिलं, पण नजर कशावर अडली नाही. ढोंग असतं तर कळलं असतं. समोरून आलेल्या बायका तिच्याअलीकडे दुभंगल्या, पलीकडे पुन्हा एक झाल्या. त्यांचं बोलणं मध्ये तुटलं नाही.

पिठाच्या गिरणीत डब्यांची रांग होती. डबा ठेवला की नंबर लागतो. माणूस थांबत नाही. एका डब्याच्या झाकणावर पिठाचा बोटभर थर होता. बाकीचे डबे त्याला वळसा घालून पुढे सरकत होते.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

गिरणीवाल्याचं लक्ष पट्ट्याकडे होतं. सवयीने तो बोलून गेला, "तिचाच की. आठ दिस झालं."

डबे ठेवायला आलेल्या बायका वळल्या. "काय म्हनलासा, मामा?" एकीने विचारलं.

गिरणीवाल्याने माझ्या हातातला सहीचा कागद ओढून घेतला. "बोलून तर बसलोच हाय," म्हणत त्याने सही केली.

तक्रार नोंदली गेली. पुढे काय झालं ते पाहायला तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. वस्तीला अजून कुलपंच होती. गिरणीचा आवाज वेशीपासून ऐकू येत होता, पण कोरडा. दगडावर नुसता दगड फिरत होता. आत एकही डबा नव्हता. गिरणीवाला स्टुलावर बसला होता, दाराशी ती बाई.

"रिकामी का चालवता?"

"बंद केली की कायबी ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. "घरातबी. हीच तेवढी बोलती."

मग त्याने विचारलं, "मला तक्रार करता यील का?"

मी नियम सांगितला. गावातल्या एकाची सही लागेल.

त्याने तिच्याकडे बोट केलं. "हिची चालंल?"

"चालायला पाहिजे. या गावची म्हणून तिची नोंद आहे."

"मला सही कुटं येतीया," ती म्हणाली. "अंगठा चालतोय का, ते इचारा आदी."