बाबारावजींवरचा आळ

बाबारावजी वकील कायद्याचं पुस्तक मागून उघडत. गॅझेटात आलेल्या दुरुस्त्यांची कात्रणं तिथल्या कोऱ्या पानांवर भाताच्या खळीने चिकटवलेली असत. आधी ती वाचायची, मग कलम. चांद्याला त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा मला हा उलटा कारभार वाटला. "पुस्तकात छापलं त्या दिवशीचा कायदा हाय बाबू," ते म्हणाले. "पक्षकार तं आज आला ना?"

धानगिरणीचा मालक असो की ब्रह्मपुरीला शाळा चालवणारी संस्था, त्यांची रीत एकच. "परवान्याचं कलम सांगा," म्हणणाऱ्या गिरणीवाल्याला ते म्हणाले, "कलम मी धुंडतो शेठ. तुमी काय करून राह्यले ते सांगा." तासाभराने कळलं, त्याला परवाना नको होता, भागीदारीचा नवा करार हवा होता. निवाड्याचं वरचं टिपण तेवढं वाचून मी आलो की चिडत. "लग्नाची पत्रिका वाचून पोट भरते का रे? पूरा वाच."

दर शनिवारी कात्रणं लावणं माझं काम. एका शनिवारी मी ते टाकून दंडारीचा खेळ पाहायला गेलो.

त्याच आठवड्यात कुरखेड्याकडच्या जंगल कामगार सोसायटीचा अध्यक्ष मनीराम आला. त्यांचं लाकूडतोडीचं काम वनखात्याने एका ठेकेदाराला दिलं होतं. अपिलाला मुदत किती? बाबारावजी तापाने पडून होते. मी पुस्तक पाहून साठ दिवस लिहिले.

"कात्रणं लावली ना?" त्यांनी खाटेवरून विचारलं.

"हो जी."

त्यांनी सही केली. न लावलेल्या कात्रणात मुदत तीस दिवसांवर आली होती.

मुदत उलटल्यावर आलं म्हणून अपील फेटाळलं गेलं. गावाचं वर्षाचं काम गेलं. मनीराम चौघांना घेऊन दारात उभा राहिला. मी काही बोलण्याआधीच बाबारावजी म्हणाले, "सही माही हाय. चूक माही." मी खाली मान घालून कागद आवरत राहिलो.

"वकिलानं ठेकेदाराचं खाल्लं," असं बाजारात बोललं जाऊ लागलं. सोसायट्या यायच्या थांबल्या. एकदा धीर करून मी म्हणालो, "मी कुरखेड्याला जाऊन खरं सांगतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जाजो," एवढंच म्हणाले आणि समोरचा निवाडा पुन्हा मला समजावू लागले.

मी गेलो नाही. पुढे मी वकील झालो, कसून काम करणारा म्हणून नावही झालं. ते कसब त्यांचं होतं. ते वारले तेव्हाही त्यांच्यावरचा आळ तसाच होता.

मागच्या उन्हाळ्यात कुरखेड्याला गेलो. मनीराम थकला होता, पण बाबारावजींचं नाव घेताच त्याने तोंड फिरवलं. मी सगळं सांगितलं, 'हो जी'सकट. तो उठून दारापाशी गेला. मग घरात बायकोला ओरडून म्हणाला, "आयकलं का वो? त्या वकिलानं खाल्लं नव्हतं!"

आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आमच्यातला एक माणूस त्याच्या मातीले गेला नाई."